शेवटच्या पानावरच्या बांगड्या

आप्पा, तुमचं कार्ड पोचलं होतं. दुपारपासून मी हे सांगायला माणूस शोधतेय, आणि ज्याला सांगायचं तोच जगात नाही, म्हणून कागद घेऊन बसलेय. अक्षर वाकडं येतंय, ते आनंदानं. घरात सांगून झालं. ह्यांनी टीव्हीवरची नजर न काढता "अरे वा" म्हटलं. खालच्या मजल्यावरच्या बेनना सांगितलं, तर त्या "सरस, सरस" म्हणाल्या आणि माझ्या हातावर सुखडीची वडी ठेवली. नेमकं काय झालंय ते कुणालाच कळत नाहीये. तुम्हाला अर्ध्या वाक्यात कळलं असतं. तुम्ही खुर्चीतून उठून शर्ट घातला असता आणि म्हणाला असता, चल, पोस्टात जाऊन येऊ. आज रविवार आहे, पोस्ट बंद आहे, हे मी सांगितल्यावरच खाली बसला असता.

पण पहिल्यापासून सांगते, कारण मधलं काही सुटलं की तुम्ही लगेच हात वर करायचात.

तुमची कंपनीतली खोली मला आठवते. दसऱ्याला मशीनची पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. बाहेर खात्यात सुताच्या बॉबिनांच्या भिंती, मशीनना झेंडूच्या माळा, आणि एका कोपऱ्यात तुमची ती थंड खोली. तिथे तुम्ही मला तपासणी दाखवली होती. प्रत्येक बॉबिनमधलं थोडं सूत घेऊन त्याचा नळीसारखा लांब मोजा विणायचा, तो रंगवायचा, आणि दिव्याखाली ताणून धरायचा. सगळा मोजा एकसारखा निळा दिसला तर माल फर्स्ट. मध्ये कुठे फिका पट्टा आला तर त्या बॉबिनवर चिठ्ठी. मला काहीच दिसत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "डोळे बारीक करू नकोस. नुसतं बघत राहा, पट्टा आपोआप वर येतो." आणि खरंच आला. एका क्षणापूर्वी नव्हता, आणि मग दुसरं काही दिसेचना. मला तेव्हा तुम्ही जादूगार वाटलात.

पुस्तकं तुम्ही तशीच वाचायचात. शनिवारी सुट्टी झाली की मला स्कूटरवर मागे बसवून सिल्वासाच्या वाचनालयात न्यायचात. मराठीचं एकच कपाट, त्याचंही एक दार अडकणारं. त्या दारासमोर उभं राहून तुम्ही हात चोळायचात आणि हळूच म्हणायचात, "आज सापडेल बघ." काय सापडेल ते मला माहीत असायचं. फर्स्ट पुस्तक. ज्यात एकही पट्टा नाही असं. एक तरी असणारच, अशी तुमची खात्री होती. एवढी माणसं एवढी वर्षं लिहितायत, एखाद्याच्या हातून तरी अख्खं पुस्तक सरळ उतरलं असेल की नाही?

आई गेली तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर स्वयंपाकघर तुमचं झालं. मला दिसतंय ते आत्ता: टोकरखाड्यातल्या आपल्या त्या दोन खोल्या, ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून उभं केलेलं पुस्तक, तुमच्या कानावर पेन्सिल, आणि परातीत कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ. एक भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, ती फुगेपर्यंत अर्धं पान. पेन्सिलीची खूण अगदी हलकी, कारण परत करताना ती खोडून द्यायची असायची. वाचून झालं की तुम्ही निकाल सांगायचात. "रिजेक्ट" फार कमी वेळा. बहुतेक वेळा "चालशे." कंपनीत गुजराती सुपरवायझरांबरोबर राहून तुमच्या तोंडात बसलेला तो शब्द, अर्धवट पसंतीचा. एखाद्या पुस्तकावर तुम्ही फारच खूश असलात तर "चालशे" म्हणण्याआधी थोडं थांबायचात. तेवढ्या थांबण्यात माझा जीव अडकलेला असायचा. फर्स्ट मात्र कधीच नाही. कुणाचा मामा पहिल्या भागात धाकटा आणि तिसऱ्यात थोरला. कुठे चैत्रात सीताफळं. कुठे गाडी सुटल्यानंतर तिकीट काढणारा माणूस. तुम्ही चिडायचा नाहीत. तुम्ही हळहळायचात. "अरेरे," म्हणायचात, "एवढं छान चाललं होतं."

मग मी अकरावीत असताना ती कादंबरी आली. खानावळ चालवणाऱ्या बाईची. तुम्हाला सांगायला नको, पण मला सांगू द्या, मला आज ती गोष्ट कुणालाही सांगावीशी वाटतेय. धाकट्या बहिणीच्या लग्नात, ऐन मांडवात, ती हातातल्या बांगड्या काढून बहिणीच्या हातात चढवते आणि नंतर आयुष्यभर मोकळ्या हातांनी पोळ्या लाटते. मुलीशी तिचं भांडण होतं, मुलगी घर सोडून जाते, खूप वर्षांनी परत येते. बाहेरच्या खोलीत पिशवी घेऊन उभी राहते. आत जावं की जाऊ नये, तिला कळत नाही. आणि मग शेवटची ओळ. स्वयंपाकघरातून बांगड्या वाजतात. आई पीठ मळायला बसलीय, दोन माणसांचं. संपलं.

मी ते पान वाचून ओट्याशी उभी राहिले आणि रडले. का रडले ते तुम्हाला माहीत होतं. आपल्या घरात तो आवाज नव्हता. तुम्ही फार छान मळायचात आप्पा, पण तुमचे हात गप्प होते. त्या ओळीत मला एकदम आमची आई ऐकू आली. मी ते पुस्तक तुमच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आप्पा, सापडलं."

तुम्ही दोन संध्याकाळी वाचलंत. पेन्सिल कानावरच राहिली. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून नुसती बसले होते, सगळं लक्ष तुमच्याकडे. शेवटच्या पानाशी आलात, आणि तुमचा हात वर गेला.

"बांगड्या?" तुम्ही म्हणालात.

"हो ना," मी म्हटलं. मला वाटलं तुम्हालाही ऐकू आल्या.

"पण तिनं तर त्या देऊन टाकल्या होत्या. मांडवात. त्यानंतर अख्ख्या पुस्तकात तिचे हात मोकळे आहेत. मग या वाजतायत कुठल्या?"

मला आठवतंय, मी आधी हसले. मग पानं उलटून पाहिलं. मग पट्टा वर आला. एका क्षणापूर्वी नव्हता, आणि आता दुसरं काही दिसेना.

"अरेरे," तुम्ही म्हणालात, "एवढं छान चाललं होतं." थोडं थांबलात, नेहमीपेक्षा खूप जास्त थांबलात, आणि म्हणालात, "चालशे."

मी किती ओरडले तुमच्यावर! "तुम्हाला सगळ्याचा मोजा विणून बघायची सवय लागलीय. पुस्तक म्हणजे बॉबिन आहे का? नवीन भरल्या असतील तिनं बांगड्या!"

"मग तसं लिहायला पाहिजे."

"सगळं लिहायलाच पाहिजे का?"

"एवढं तरी पाहिजे, बाळा. ती मांडवातली जागा लेखिकेनंच इतकी जीव लावून लिहिलीय. ती विसरून कसं चालेल?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही पोस्टकार्ड आणलंत. स्वयंपाकघरात बसून, पाटावर मांडी घालून, लेखिकेला पत्र लिहिलंत आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलंत. मी पाठ फिरवून भांडी विसळत होते. आदरणीय बाई, अमुक पानावर असं आहे, तमुक पानावर तसं आहे, दोन्हीचा मेळ बसत नाही. ही एक जागा सोडली तर पुस्तक फर्स्ट आहे.

मी नळ बंद केला. "एक जागा सोडली तर? मग सोडा ना!"

"सोडता येत नाही," तुम्ही म्हणालात. चेहरा असा, की जणू तुम्हालाच कुणी बाद केलंय.

कार्ड गेलं. तुम्ही पोस्टमनला थांबवून विचारायचात, तो दुरूनच मान हलवायचा. उत्तर आलं नाही. काही महिन्यांनी तुम्ही लग्नाला नाशिकला गेलात आणि येताना तीच कादंबरी विकत आणलीत, नवी कोरी. माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ही तुझी. ही तपासायची नाही." घरातलं ते एकच पुस्तक, ज्याला तुमची पेन्सिल लागली नाही. मी ते तुमच्या डोळ्यांसमोर पुन्हा वाचलं आणि शेवटच्या पानाशी पुन्हा रडले, थोडं तुम्हाला दाखवायलासुद्धा. तुम्ही मान खाली घालून भाकरी थापत होता. त्या दिवशी तुम्ही जरा जास्तच जोरात थापत होता.

आता आजचं सांगते. तुम्ही गेलात त्यानंतर टोकरखाडा खूप बदलला, पण मी इथेच आहे, मागच्या गल्लीत फ्लॅट घेतला. नोकरी सामरवरणीला, एका कंपनीत, डिस्पॅचमध्ये. आणि आमच्या सोसायटीत रविवारी दुपारी आम्ही काही जण पुस्तकांवर बोलायला जमतो. हसू नका, खरंच. धुळ्या-नंदुरबारकडचे ऑपरेटर येतात, मुंबई-पुण्याकडचे साहेब लोक येतात, एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे बाईच म्हणतात. जमायचं क्लबहाउसच्या खोलीत, टेबल टेनिसच्या टेबलाभोवती. आजचा विषय बाईंनी फळ्यावर लिहून ठेवला होता: एखादं पुस्तक निर्दोष म्हणता येईल का? प्रत्येकानं आपलं एक पुस्तक सुचवायचं आणि बाकीच्यांनी त्याची पिसं काढायची. तो विषय बघूनच मला खुर्चीत बसवेना. आप्पा, टोकरखाड्यात, टेबल टेनिसच्या टेबलाभोवती, तुमचा प्रश्न!

पहिलं एक पुस्तक पडलं, दुसरं पडलं. पुण्याचा एक तरुण इंजिनीयर आहे, प्लास्टिकच्या कंपनीत, तो पाडण्यात पटाईत. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले. बसून बोलायचं असतं, पण मी उभीच राहिले. त्या कादंबरीचं नाव घेतलं आणि म्हटलं, "हे पुस्तक निर्दोष आहे. आणि यात एक चूक आहे."

इंजिनीयर खुर्चीत सरसावला. "ताई, दोन्ही कसं? एक तर चूक आहे, नाहीतर निर्दोष आहे."

"दोन्ही," मी म्हटलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं, मांडव, मोकळे हात, शेवटचं पान, आणि तुमचा वर गेलेला हात. "माझ्या वडिलांनी पकडलेली चूक खरी आहे. मला ती आजही दिसते. पण तुम्ही शेवटची ओळ ऐका आणि मग सांगा, ती काढून टाकायची तुमची हिंमत होते का?" माझी प्रत घरी राहिली होती. पण किलवणीला राहणारी एक नर्स आहे आमच्यात, तिच्याकडे ती कादंबरी होती, याच महिन्यात विकत घेतलेली, पिशवीतच होती. मी म्हटलं, "तूच वाच गं. माझा आवाज लागायचा नाही."

तिनं वाचायला घेतलं. छान वाचते ती, सावकाश. मुलगी येते, पिशवी घेऊन उभी राहते. आत जावं की जाऊ नये. मी डोळे मिटून घेतले. सगळ्यांना म्हटलं, "आता ऐका."

"स्वयंपाकघरातून काहीच आवाज आला नाही," नर्सनं वाचलं. "पण परातीशी कुणीतरी बसलं होतं, दोन माणसांचं पीठ घेऊन."

मी डोळे उघडले. "पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. मी तिच्या हातून पुस्तक ओढूनच घेतलं. बांगड्या नव्हत्या. पान तेच, मुलगी तीच, पिशवी तीच, आणि बांगड्या गायब. मी सगळ्यांसमोर ओरडले, "अहो, बांगड्या कुठे गेल्या?"

इंजिनीयर हसत सुटला. "ताई, तुमचं काम झालं की! तीच एक चूक होती ना? मग आता खरंच निर्दोष झालं!"

"नाही!" मी म्हटलं. "आता बिघडलं!"

त्यानंतर जो गोंधळ उडाला, आप्पा, तुम्ही तिथे असायला हवं होतं. अर्धी खोली माझ्या बाजूनं, अर्धी त्याच्या. एक ऑपरेटर म्हणाला, मशीन बरोबर चाललंय म्हणून कापड चांगलं निघेलच असं नाही. दुसरा म्हणाला, पण चुकलेल्या मशीनचं तर कधीच निघत नाही. आणि या सगळ्यात नर्स शांतपणे म्हणाली, "पण मला तर हेच आवडलं." सगळे तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "मी पहिल्यांदा हेच वाचलंय ना. आवाज आला नाही, तेव्हा मला तिचे हात दिसले. मोकळे. मी ड्यूटीवर होते, पुस्तक मिटून वॉर्डात एक फेरी मारून आले. बांगड्या वाजल्या असत्या तर मला एवढं नसतं झालं." मला तिच्यावर राग यायला हवा होता. आला नाही. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले. तिचंही सापडलं होतं, आप्पा, आणि ते माझ्यापेक्षा वेगळं होतं.

एवढ्यात बाईंनी, शांतपणे चष्मा लावून, पुस्तकाची पहिली पानं चाळली होती. त्या म्हणाल्या, "जरा थांबा सगळे. इथे लेखिकेचं नवं मनोगत आहे." आणि त्यांनी वाचलं. मी तुम्हाला शब्द न् शब्द सांगते, मला पाठ झालाय. "फार पूर्वी गुजरातेतल्या सिल्वासाच्या एका वाचकाने शेवटच्या पानावरची एक चूक कार्ड लिहून कळवली होती. मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही. या आवृत्तीत ती चूक दुरुस्त केली आहे. हेच त्यांना उत्तर."

मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मला काहीतरी बोलायचं होतं आणि तोंडातून निघालं ते हे: "गुजरातेतल्या?"

तुमचा आवाज होता तो. अगदी तुमचा. धुळ्याचे नातेवाईक "गुजरातला असता ना तुम्ही" म्हणायचे तेव्हाचा. तुम्ही ठणकावायचात, गुजरात नाही, महाराष्ट्र नाही, दादरा नगर हवेली, लिहायला जागा पुरत नसेल तर नुसता पिनकोड लिहा. चूक दुरुस्त केल्याचं सांगणाऱ्या वाक्यात चूक! मी हसायला लागले, आणि हसता हसता रडायला, आणि नर्सनं मला पाणी दिलं.

मनोगताखाली लेखिकेचा फोन नंबर छापला होता, जुनी माणसं छापतात तसा. इंजिनीयरनं मला विचारलंसुद्धा नाही. नंबर लावला आणि फोन टेबलावर, जाळीच्या शेजारी ठेवला. रिंग जात असताना खोलीतल्या पंख्याचा आवाजही मोठा वाटत होता.

"कोण?" म्हाताऱ्या बाईचा आवाज, पण खणखणीत.

"नमस्कार," मी म्हटलं. "आम्ही सिल्वासाहून बोलतोय."

"सिल्वासा," त्यांनी स्वतःशी म्हणून पाहिलं. मग, "ते कार्डवाले?"

"ते माझे वडील."

"द्या, द्या त्यांना फोन. मला त्यांच्याशी बोलायचंय."

आप्पा, एवढ्या लोकांत ते सांगायचं म्हणजे. मी सांगितलं. पलीकडून त्या म्हणाल्या, "मी त्या माणसावर फार चिडले होते हो. लोक सत्कार करत होते, हार घालत होते, आणि ते कार्ड टेबलावर पडलेलं. एवढ्या शहाण्या माणसांनी वाचलं, कुणाला दिसलं नव्हतं. किती वेळा उत्तर लिहायला बसले आणि फाडलं. लिहिणार काय? बरोबर होतं त्यांचं. आता मोतीबिंदू काढला, म्हणून पुन्हा वाचायला घेतलं. म्हटलं, आता तरी नीट करू." मग त्यांनी विचारलं, "काय म्हणाले असते ते आता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खोटं बोलू शकले असते. फर्स्ट, एवढा एकच शब्द म्हणायचा होता, त्या माऊलीला बरं वाटलं असतं. पण तुमच्या वतीनं बोलायचं, आणि तुम्ही जे कधी दिलं नाहीत ते मी देऊन टाकायचं, हे मला जमेना.

"ते म्हणाले असते, आणखी एक आहे," मी म्हटलं. "मनोगतात. सिल्वासा गुजरातमध्ये नाही."

आधी मला वाटलं त्या दुखावल्या. मग कळलं, त्या हसतायत. इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला, मागून कुणीतरी "आई, पाणी" म्हणालं. दम लागल्यावर म्हणाल्या, "त्यांचीच मुलगी शोभतेस."

मग मी धीर केला. "पण बाई, मला बांगड्या परत हव्यात."

"का गं?"

"मला त्या ऐकू यायच्या."

"मलाही आल्या होत्या," त्या म्हणाल्या. आवाज एकदम हळू झाला. "म्हणून तर लिहिल्या. आवाज आला आणि लिहून टाकला. हातात काय आहे ते बघायचं राहूनच गेलं."

नर्स फोनवर वाकून म्हणाली, "बाई, काढल्या तेच बरं केलंत!" इंजिनीयर म्हणाला, "मीही त्याच मताचा आहे," आणि ऑपरेटर ओरडला, "आम्ही नाही!" पलीकडून त्या म्हणाल्या, "भांडा, भांडा. कुणी जिंकलं तर मला कळवू नका. भांडण चालू असेल तरच कळवा."

फोन ठेवल्यावर कुणीच घरी जायला उठलं नाही. फळ्यावरचा प्रश्न तसाच होता. बाईंनी डस्टर हातात घेतलं आणि परत ठेवलं. म्हणाल्या, "राहू द्या पुढच्या रविवारपर्यंत."

घरी येताना मी रस्त्यात मोठ्यानं बोलत होते, लोक बघत होते. मला काय वाटत होतं ते तुम्हाला सांगते, कच्चं आहे, तुम्ही तपासून घ्या. इतकी वर्षं मी धरून चालले होते की तुम्ही चुका शोधणारे होतात. आज त्या खोलीत, सगळे भांडत असताना, मला तुमचे हात दिसले, कपाटासमोर चोळलेले. चुका शोधणारा माणूस दर शनिवारी असे हात चोळत नाही. "आज सापडेल" म्हणत नाही. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त भोळे होतात आप्पा. तुमचा विश्वास होता की ते पुस्तक आहे, कुठल्यातरी कपाटात आहे, म्हणूनच तर प्रत्येक पट्ट्यापाशी तुमचा "अरेरे" इतका खरा असायचा. माझा विश्वास आता वेगळा झालाय. मला वाटतं निर्दोष पुस्तकं खूप आहेत, पण ती दोन माणसांची एक नसतात. नर्सचं वेगळं, माझं वेगळं, आणि दोन्हींवर नाव एकच छापलेलं. तुम्ही म्हणाल, हे तर प्रत्येक बॉबिन फर्स्ट म्हणण्यासारखं झालं, मग तपासायचं कशाला? हो. हे मलाही अडतंय. चूक चूकच होती, तुमचं म्हणणं लेखिकेनंही मान्य केलं, आणि तुम्ही हात वर केला नसता तर नर्सला तिचं पान मिळालंच नसतं. म्हणजे ते पान तुम्ही लिहिलंत, असंही म्हणता येईल. बघा, पुन्हा अक्षर वाकडं यायला लागलं.

तुम्हाला सांगायचं अजून खूप आहे. लेखिका नवीन काहीतरी लिहितायत म्हणे, ते सांगायचंय. इंजिनीयरनं जाताना विचारलं, तुमच्या वडिलांनी अजून कुणाकुणाला कार्डं लिहिली होती, आणि मला सगळी नावं आठवेनात, ते सांगायचंय. हे पत्र जाणार कुठेच नाही, त्यामुळे ते सगळं सावकाश लिहिता आलं असतं. पण खरं सांगू का, निघताना ऑपरेटरनं मला एक पुस्तक दिलं, चोराच्या मागावर निघालेल्या पोलिसाचं, पानं सुटलेलं, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेलं. म्हणाला, हे वाचून बघा ताई. हे लिहायला बसण्याआधी मी त्याची पहिली काही पानं सहज चाळली. पोलीस एका बंद घराच्या दारात उभा आहे, आतून कुणीतरी कडी काढतंय. गेला तासभर मी तुम्हाला लिहितेय खरी, पण माझं अर्धं लक्ष त्या दारापाशी आहे.